डिंक, सरस आणि फिल्म

धावड्याचा डिंक लाडवात, बाभळीचा पाकिटावर. साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी म्हणजे डिंक. पॉलिमर हा शब्द आमच्या शहराजवळच्या वाळूजच्या कारखान्यांत यायच्या कितीतरी आधी तो आमच्या फडताळात होता.

•

व्हिटॅमिनच्या गोळ्यांची पट्टी सोलून पाहिली. (निवृत्तीनंतर माणूस असलेच उद्योग करतो.) पीव्हीसी तापवून पाडलेले खळगे, पाठीला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, आणि दोहोंना सांधणारा, उष्णतेने चिकटणारा पातळ लेप. मऊ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे. जनावरांची हाडे-कातडी उकळून निघते ते. सुतार ज्याला सरस म्हणतो, तो याचाच कमी गाळलेला भाऊ. शेजारच्या शाकाहारी काकांना हे अजून सांगितलेले नाही.

•

पॉव्हिडोन नावाचे पॉलिमर: गोळीची पूड बांधून ठेवते, नातवाच्या ग्लू स्टिकमध्ये कागद चिकटवते, जखमेवरच्या तपकिरी औषधात आयोडीन धरून ठेवते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ते रक्तद्रवाऐवजी शिरेतूनही दिले.

•

गरवारेंच्या वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत पॉलिएस्टर फिल्म होते. साधारण २६० अंशांना वितळलेला रस थंड रुळावर ओततात, मग लांबीत ताणतात, मग रुंदीत. ताण बसला की रेणू रांगेत येतात. पाकिटांसाठीची १२ मायक्रॉनची फिल्म, केसाहून कितीतरी पातळ, हाताने ओढून तुटत नाही. गाडीच्या काचेवरची सन-कंट्रोल फिल्मही इथलीच. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर कसलीही फिल्म लावायची नाही म्हटले. मे महिन्यात जालना रोडच्या सिग्नलला थांबलो की तो निकाल हमखास आठवतो.

•

अजिंठ्याच्या चित्रांतले रंगही सरसानेच बांधलेले. १९२०च्या सुमारास निजामाच्या पुरातत्त्व खात्याने इटलीहून चित्रसंवर्धक चेक्कोनी यांना बोलावले. सुटणारे पोपडे धरायला चित्रांवर लाखेचा हात दिला गेला. पोपडे राहिले, पण लाख वर्षांगणिक पिवळी, मग काळपट होत गेली. पुढे रसायनज्ञांना ती विद्रावकाने इंच इंच उतरवावी लागली. नंतर पोपडे धरायला पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट वापरले. फेविकॉलच्या पोटात असते तेच, फक्त पाण्याऐवजी विद्रावकात विरघळवलेले. मला वाटते, लेण्यात काही चिकटवणाऱ्याने आधी ते सुटेल कसे हे विचारावे.

•

वेरूळची तऱ्हा वेगळी. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू सापडल्याचे पुरातत्त्व रसायनज्ञ राजदेव सिंग आणि तेव्हा आमच्या मराठवाडा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात असलेले मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली मांडले. त्यांच्या मते या झाडाकडे किडे फिरकत नाहीत. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथली किमान पाव चित्रे किड्यांनी नासवली, असे त्यांचे म्हणणे. खाली भाताचा तूस, गवत, बिया, वर सरस. किड्यांना पंगतच मांडलेली.