दोन पेट्या आणि एक आवाज

विकत आणलेलें यंत्र बिघडलें तर दुकानदारास बोल लावतां येतो. घरीं जुळविलेलें बिघडलें तर तो बोल घरांतल्याच कोणाला तरी पदरीं घ्यावा लागतो. ट्रॉम्बेच्या आमच्या परिचयांतील बिऱ्हाडांत असे बोल घेणारे हौशी पुष्कळ आहेत, आणि त्यास कारणही आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं येथें ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. तिच्याबरोबर, लागणारीं विद्युत् उपकरणें शक्य तों येथेंच घडवावीं, असा शिरस्ता पडला. त्याच खटपटींतून पुढें १९६७ सालीं हैदराबादेस इलेक्ट्रॉनिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. दिवसभर डाख लावणारा हात सायंकाळीं घरीं येऊन स्वस्थ कसा बसावा?

आमचा पुतण्या त्याच पंथाचा. गेल्या पावसाळ्यांत त्यानें लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले, सुताराकडून प्लायवुडच्या दोन पेट्या करविल्या आणि स्टीरिओ ध्वनिक्षेपकांची एक जोडी सिद्ध केली. तबला वाजे तो खोक्यावर थाप मारल्यासारखा. तेवढेंच असतें तर कोणी फारसें मनावर घेतलें नसतें. परंतु या पेट्या एका विशिष्ट हेतूनें केल्या होत्या. आमच्या मातोश्रींचा आवाज एका टेपवर तेवढा उरला आहे. १९७९ सालीं एका पहाटे स्वयंपाकघरांत त्या भूपाळी म्हणत असतां कोणीसा तो उतरवून घेतला होता. टेप झिजूं लागली म्हणून तिची प्रत संगणकावर घेतली. थोरले बंधू आतां ८२ वर्षांचे आहेत आणि त्यांचे कान वर्षागणिक मंदावत आहेत. ऐकावयाचें तें आतांच, हें घरांत सर्वांस कळत होतें. त्यांनीं दोन ओळी ऐकल्या, हात वर केला आणि म्हणाले, “ही आई नव्हे.”

पुतण्याचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशीं तो अधिक किंमतीचे वूफर आणण्याची भाषा बोलूं लागला. आमच्या मतें घरगुती यंत्रकारांचा हाच मोठा दोष आहे: व्याधि कळण्यापूर्वीं औषध बदलणें. त्याला थांबविलें तें वहिनींनीं. त्यांनीं तरुणपणीं गाणें शिकलेलें असल्यामुळें त्यांचा कान तयार. त्या म्हणाल्या, “आवाज पातळ आहे तो आहेच, पण तो समोरून कोठें येतो? चहूंकडे विखुरल्यासारखा वाटतो.”

या एका वाक्यांत निदान होतें. जुनी टेप एकाच ध्वनिग्राहकानें घेतलेली; म्हणजे दोन्ही पेट्यांतून अगदीं तीच लहर निघावयाची. अशा वेळीं गाणारी व्यक्ति दोन पेट्यांच्या बरोबर मध्यें बसल्याचा भास झाला पाहिजे. दोन कानांच्या या करामतीवरच ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं स्टीरिओच्या पेटंटासाठीं अर्ज केला होता. पण एका पेटीचा पडदा पुढें येत असतां दुसरीचा मागें जाऊं लागला, तर एक हवा ढकलते आणि दुसरी ओढते. खालचे स्वर परस्परांस खाऊन टाकतात आणि मधली व्यक्ति नाहींशी होते.

परीक्षा दीड व्होल्टच्या एका सेलची आहे. वूफरच्या तारा मोकळ्या करून, लाल ठिपक्याच्या टोकास सेलचें धन टोक व दुसऱ्यास ऋण टोक क्षणभर टेकवावें. पडदा बाहेर आला पाहिजे. उजवा आला, डावा आंत गेला. लाल ठिपकाच भलत्या टोकावर दिलेला होता! तारांची अदलाबदल केली, खर्च शून्य. (मात्र हीच कसोटी घेऊन ट्वीटरवर तुटून पडूं नये. काहीं विभाजक मंडलांत त्याची लहर अर्ध्या आवर्तनानें मागेंपुढें सरते, म्हणून तो मुद्दामच उलटा जोडलेला असतो.)

मातोश्री मध्यें येऊन बसल्या, परंतु खालच्या स्वरांस फरफर ऐकूं येई. पुतण्यानें पुरुषी पट्टीचा तंबोरा लावला. काळी एकच्या षड्जाचा खर्ज सेकंदास सुमारें ६९ कंपनांचा असतो. पेटीची खोड काढावयास तो फार चांगला. पेटी बंद जातीची होती. तिच्या सांध्यांवरून पेटती उदबत्ती फिरविली. मागच्या तारेच्या भोंकापाशीं धूर थरथरूं लागला. तेथें फेव्हिकॉल व लाकडाचा भुसा भरून रात्रभर वाळूं दिला. तरीही थोडी कर्रकर्र उरलीच. दोन दिवस पेट्या उघडूनझांकून झाल्यावर वहिनींनीं कपाटाच्या कांचेवर तळहात ठेविला, आणि ती थांबली. दोष कपाटाचा होता.

राहिलें तें घुमणें. आमची खोली १२ फूट लांब. एवढ्या अंतरांत ४७ कंपनांची लहर भिंतीभिंतींत अडकून फुगते, तशीच तिच्या दुपटीचीही. आणि कोपऱ्यांत ती सर्वांत जोरांत असते. पुतण्यानें पेट्या नेमक्या कोपऱ्यांत कोंबल्या होत्या. त्या दीड फूट पुढें ओढल्या. जाण्यायेण्याच्या वाटेंत आल्यामुळें घरांत थोडी कुरकुर झाली, ती अद्याप चालू आहे.

बंधूंनीं डोळे मिटून सबंध भूपाळी ऐकली आणि “पुन्हा लाव,” एवढेंच म्हणाले.

पुतण्याच्या मनांत आतां टेपची सुरसुर संगणकावर पुसून काढावयाचें होतें. वहिनींनीं मोडता घातला. सासूबाई गात असतां मागें स्टोव्ह पेटलेला असे, असें त्यांचें म्हणणें. बंधू म्हणतात, ती निव्वळ टेपची खरखर. दोघांनीं चारपांचदा ऐकलें. त्या सुरसुरींत टेपची किती आणि स्टोव्हची किती हें कोणासच सांगतां येईना, म्हणून ती तशीच ठेविली आहे.