कोपऱ्यातले नाव

आमचे अब्बा पेंटर होते. 'होते' म्हणायचे ते हात आता थरथरतो म्हणून. एरवी कुणी विचारले तर ते अजूनही 'पेंटर' असेच सांगतात. सोलापुरात नवी पेठ, बेगम पेठ, विजापूर वेस या भागांत एके काळी त्यांनी रंगवलेल्या पाट्या जागोजागी दिसत. आपले शहर विणकरांचे. मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार भाषा एकाच गल्लीत नांदतात. अब्बांना मराठी आणि उर्दू लिहिता-वाचता येई. कन्नड आणि तेलुगू ते नुसते रंगवत. गिऱ्हाईक चिठ्ठीवर लिहून देई, अब्बा अक्षराचे वळण पाहून पाटीवर उतरवत. मग दुकानदाराच्या घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बाहेर बोलावून वाचायला लावत. त्याने मान डोलावली की मगच ब्रश धूत.

प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, अंगठ्याएवढ्या जागेत ते आपले आडनाव आणि पुढे 'आर्ट्स' असे लिहीत. लहानपणी आम्ही विचारले होते, दुकान त्यांचे, पैसे त्यांचे, मग नाव तुमचे कशाला? ते म्हणाले होते, "बोर्ड सेठ का, कोना अपना."

त्या कोपऱ्यावर आमचे घर चालले. अब्बांनी कधी व्हिजिटिंग कार्ड छापले नाही. नवे गिऱ्हाईक येई आणि म्हणे, त्या मेडिकलवाल्यासारखा बोर्ड पाहिजे. सारा बाजार हाच त्यांच्या कामाचा नमुना होता.

पाट्यांबरोबर ते किताबतही करीत. शादीचे रुक्के, जलशांचे इश्तेहार, मदरशांच्या पावत्या. बोरू तासून दिला की आम्हाला वाटे, आपणही त्या कामात भागीदार आहोत. पण नस्तालिक लिपी संगणकावर आणण्याचे काम तोवर झालेले होते. १९८१ साली अहमद मिर्झा जमील यांच्या अक्षरांवरून 'नूरी नस्तालिक' तयार झाली. १९९४ मध्ये 'इनपेज' आले आणि हळूहळू आमच्याकडच्या छापखान्यांतही पोहोचले. रुक्के बंद झाले. त्यामागून फ्लेक्स आला. जी पाटी रंगवायला अब्बांना दोन दिवस लागत, ती आता तासाभरात छापून मिळू लागली. फ्लेक्सला कोपरा होता, पण त्यात लिहायला हात नव्हता. अब्बांनी एके दिवशी ब्रश रॉकेलमध्ये धुतले, कापडात गुंडाळले आणि कपाटावर ठेवून दिले. अम्मी शिवणकाम करू लागल्या. आम्ही बी.एड. करून उर्दू शाळेत लागलो, त्यामागे शिक्षणाची आवड होतीच, पण मशीन जिची जागा घेणार नाही अशी नोकरी घरात हवी, हेही होते.

आमची धाकटी बहीण मात्र अब्बांच्या वाटेने गेली. घरात तिला छोटीच म्हणतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत 'ए' ग्रेड मिळाली, पण चित्रकलेसाठी दूर पाठवायची ऐपत नव्हती म्हणून बी.कॉम. झाली. आमच्या पगारातून एक जुना संगणक आणि त्यावर चित्र काढायची पाटी घेतली. मुलांची पुस्तके, मासिके, मसाल्याची पाकिटे यांसाठी ती घरी बसून चित्रे काढू लागली. अब्बांनी विचारले, ही कसली नोकरी? ती म्हणाली, "नोकरी नाही अब्बा, फ्रीलान्स." आम्ही समजावून सांगितले. अब्बा हसले. म्हणाले, "यानी दिहाड़ी. बोलो ना सीधा."

फ्रीलान्सवाल्याला काम दाखवायला जागा लागते. अब्बांना बाजार होता, हिला इंटरनेट. २०१८ साली तिने 'बिहान्स'वर आणि 'इन्स्टाग्राम'वर आपली चित्रे मांडायला सुरुवात केली. याला पोर्टफोलिओ म्हणतात, असे तिने सांगितले, तेव्हा आमच्यातल्या उर्दू शिक्षिकेला राहवले नाही. आम्ही म्हटले, आपल्याकडे याला मुरक्का म्हणत. चित्रे आणि खुशखतीचे नमुने निवडून एकत्र बांधलेली वही म्हणजे मुरक्का. मोगल बादशहांनी असे मुरक्के तयार करवले. अब्दुर्रहमान चुगताई यांनी १९२८ साली गालिबच्या दीवानाची सचित्र आवृत्ती काढली, तिचेही नाव 'मुरक्का-ए-चुगताई'. आणि या शब्दाचा मूळ अर्थ आहे ठिगळे जोडून केलेले. फकिराच्या ठिगळाच्या कफनीलाही हाच शब्द. म्हणजे आपली वाकळच. छोटीला ते आवडले. पण वाकळीतही कुठले ठिगळ कुठे लावायचे हे शिवणारीला कळावे लागते. ते तिला कळायला दोन वर्षे लागली.

पहिल्यांदा तिने होते नव्हते ते सारे लावले. मेंदीचे नमुने, मैत्रिणीच्या लग्नाचे कार्ड, नटनट्यांचे चेहरे, वाढदिवसाची चित्रे. साठेक तरी असतील. परिणाम असा झाला की फोटोवरून चेहरा काढून द्या, दोनशे रुपये देतो, अशीच कामे येऊ लागली. जे दाखवाल तेच लोक मागतात. मग तिने बाराच चित्रे ठेवली. सिद्धेश्वर तलावाच्या काठी शेंगा फोडत बसलेली म्हातारी, मागावर चादर विणणारे हात, तव्यावरची कडक भाकरी, आमच्या नानीचे पानदान. प्रत्येकासोबत कच्चे रेखाटन, रंगांचे प्रयोग आणि शेवटचे चित्र, म्हणजे काम देणाऱ्याला ही मुलगी विचार कसा करते तेही दिसावे. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात, म्हणून नेटवर ती मुद्दाम लहान आकाराची प्रत ठेवी. पडद्यावर चांगली दिसते, मोठी छापली तर फाटते. आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, सही. अब्बांसारखी.

पण सही पूर्ण नावाची नव्हती, दोन आद्याक्षरांची होती. यामागे घरातले बरेच काही होते. मुलीचे नाव नेटवर कशाला, असे मामूंचे म्हणणे. अम्मींची भीती वेगळी. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली आमच्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मले. मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवत मोठे झाले, पण म्हातारपणी २००६ मध्ये देश सोडून गेले आणि २०११ साली लंडनमध्ये वारले. अम्मींना चित्रांतले काही कळत नाही, पण एवढे ठाऊक होते. "हुसेन का क्या हुआ, देखे ना?" त्या म्हणत. शेजारच्या एका बुजुर्गांनी जानदाराची तस्वीर काढण्याबद्दल मसला काढला. यावर उलेमांत मतभेद आहेत आणि फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. अब्बांनी जन्मभर पाट्यांवर फळे रंगवली, चपला रंगवल्या, चेहरा एकही रंगवला नाही. तेव्हा तेच विरोध करतील असे आम्हाला वाटले होते. ते इतकेच म्हणाले, "मैं मेरी हद में रहा. उसकी हद वो जाने. मगर झूठ नक्को उतारे."

२०१९ सालची गोष्ट. आम्ही शाळेतून येत होतो, अब्बा बरोबर होते. चौकात एका कार्यक्रमाचा मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर तलावाकाठची ती शेंगा फोडणारी म्हातारी. चित्र मोठे केल्याने फाटलेले, रंग भडक झालेले, पण म्हातारी तीच. कुणी विचारले नव्हते, कुणी पैसे दिले नव्हते. आम्ही कोपरा पाहिला. सही नव्हती, चित्र तेवढेच कापून घेतले होते. अब्बा बराच वेळ उभे राहिले. ज्या फ्लेक्सने त्यांचा ब्रश कपाटावर ठेवला, त्याच फ्लेक्सवर त्यांच्या लेकीचे चित्र होते. ते म्हणाले, "कोना काट दिए." बस्स, एवढेच. घरी आल्यावर जेवले नाहीत.

आम्ही त्या लोकांना फोन केला. नेटवर होते, आम्ही घेतले, असे उत्तर आले. मग आम्ही कॉपीराइटचा १९५७चा कायदा वाचला. आपल्यातल्या काम करणाऱ्या मुलामुलींना उपयोगी पडेल म्हणून थोडे सांगतो. चित्र नेटवर ठेवले म्हणून ते सर्वांचे होत नाही. स्वतःहून काढलेल्या चित्राचा हक्क काढणाऱ्याचाच. मात्र पैसे देऊन कुणी चित्र काढवून घेतले आणि वेगळे काही ठरलेले नसले, तर तो हक्क काढवून घेणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून आधी लिहून घ्यावे. हक्क द्यायचा तर तोही लेखीच द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. आणि कलम ५७ सांगते की हक्क विकला तरी 'हे काम माझे आहे' असे म्हणण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. कोपरा अपना, हे अब्बांचे म्हणणे कायद्यातही आहे तर!

तेव्हापासून छोटी काम घेण्याआधी लिहून घेते: चित्र कुठे वापरणार, किती वर्षे, नाव कुठे छापणार, निम्मे पैसे आधी. आणि सही कोपऱ्यात करत नाही. म्हातारीच्या पदराच्या काठात, पानदानाच्या नक्षीत, भाकरीच्या कडेला करते. कापायची तर चित्रच कापावे लागेल.

तरी आद्याक्षरे होती तीच राहिली. ती बदलली २०२१ साली. एका प्रकाशनाकडून मुलांच्या मासिकासाठी काम येई. फोनवर पूर्ण नाव कळल्यापासून त्यांच्याकडून तिला रमजान आणि ईदचीच चित्रे येऊ लागली होती. चंद्र, मिनार, शीरखुर्म्याची वाटी. माणसे सभ्य, पैसे वेळेवर. आमची काही तक्रार नव्हती, फक्त पाऊस, शाळा, जत्रा ही चित्रे दुसऱ्यांकडे जात. मग एक गोष्ट आली. इमरान नावाचा मुलगा पावसाच्या पाण्याला बांध घालतो. छोटीने गुडघ्यापर्यंत चिखलात उभा, केस कपाळाला चिकटलेला मुलगा काढला. संपादकांनी चित्राची तारीफ केली आणि म्हणाले, डोक्यावर टोपी घाला, नाहीतर मुलगा मुसलमान आहे हे वाचकाला कळणार कसे?

छोटी म्हणाली, "त्याचे नाव इमरान आहे सर. गोष्टीत लिहिले आहे."

रात्री तिने आम्हाला विचारले, "आपा, डालूं क्या टोपी?" आम्ही आमचा वर्ग आठवला. चाळीस मुले. जुम्म्याच्या दिवशी खिशातून टोप्या निघतात, नमाज झाली की परत खिशात. पावसात भिजणारी मुले मात्र रोज. टोपीची आम्हाला लाज नाही, अब्बांच्या डोक्यावर ती कायम असते. पण टोपीशिवाय आमचे मूल ओळखूच येत नसेल, तर ते मूल कुणी नीट पाहिलेलेच नाही. झूठ नक्को उतारे, हे अब्बांचे वाक्य आम्ही तिला आठवण करून दिले. तिने टोपी घातली नाही. ते काम गेले, आणि पुढची कामेही गेली. घरात महिन्याला चार-पाच हजारांचा खड्डा पडला. अम्मी आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

छोटीने ते चित्र मुरक्क्यात सर्वांत आधी लावले. नाव दिले 'इमरान, पावसात' आणि खाली आपले पूर्ण नाव लिहिले, आडनावासकट. काही जणांनी विचारपूस मध्येच थांबवली. नावामुळे की दरामुळे, ते आम्ही सांगू शकत नाही. पण आठ महिन्यांनी एका दुसऱ्या प्रकाशनाने तेच चित्र पाहून बाजारात जाणाऱ्या मुलीची आख्खी चित्रकथा दिली. मुलीचा धर्म कुणी विचारला नाही, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छोटीचे नाव आले.

आता नवे मशीन आले आहे. २०२२ पासून वाक्य टाइप करून चित्र मिळवण्याची साधने सर्वांच्या हाती आली. ही साधने नेटवरच्या कोट्यवधी चित्रांवर शिकली आहेत. अमेरिकेत काही चित्रकारांनी जानेवारी २०२३ मध्ये त्याविरुद्ध दावाही लावला. छोटी हबकली. चित्रे ठेवावीत तर मशीन शिकते, काढून टाकावीत तर काम कोण देईल? ती सगळा मुरक्का उतरवायला निघाली होती. तेव्हा अब्बा म्हणाले, "फ्लेक्स आया तो मैं ब्रश धोके रख दिया. एक बोर्ड का फोटो तक नहीं लिया. तू नक्को रख."

हे आम्ही प्रथमच ऐकत होतो. इतक्या वर्षांच्या कामाचा आमच्याकडे एकही फोटो नव्हता.

२०२४च्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही तिघे अब्बांच्या पाट्या शोधायला निघालो. नवी पेठेतल्या सगळ्या गेल्या होत्या. संध्याकाळपर्यंत चार सापडल्या. एक बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची, एक शिंप्याची, एक तेलुगू पाटी चादरींच्या जुन्या दुकानावरची. चौथी किराणा दुकानाची, तिच्या निम्म्या भागावर नवा फ्लेक्स ठोकला होता. दुकानदाराच्या मुलाने तो एका बाजूने सोडवून धरला. अब्बांनी रुमालाने धूळ पुसली. अक्षरे विरली होती, कोपरा मात्र झाकलेला राहिल्याने जसाच्या तसा होता.

छोटीने चारही फोटो आपल्या मुरक्क्यात घातले, वेगळ्या पानावर. वर अब्बांचे पूर्ण नाव लिहिले, कारण पाट्यांवर ते कधी पूर्ण नव्हते. अब्बांनी चष्मा लावून पाहिले. तेलुगू पाटीवर बोट ठेवून म्हणाले, "ये पढ़ने कू आजतक नहीं आया मेरे कू." मग विचारले, या पानावर नंबर का नाही लिहिला? काम आले तर कुठे फोन करतील?

छोटीने आपला नंबर लिहिला.