शेवटच्या रांगेतून कुस्ती

एखादं मैदान चांगलं की वाईट, हे कसं ओळखायचं? बहुतेक जण दिव्यांचे उंच खांब, रंगीत खुर्च्या आणि झोकदार प्रवेशद्वार पाहून मत बनवतात. मुलांनो, ते सगळं नंतर बघायचं. आधी थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसायचं आणि तिथून खेळ दिसतो का ते पाहायचं. मग खाली उतरून खेळाडू जिथे पडतो ती जागा हाताने चाचपायची. मैदानाची ही परीक्षा शिकायची असेल, तर कोल्हापूरच्या खासबाग मैदानाइतकी चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

महालक्ष्मीच्या देवळापासून खासबाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वाटेत मिसळीचा वास येईल, पण तिकडे परतताना वळा. भरल्या पोटी पायऱ्या चढवत नाहीत!

या मैदानाची गोष्ट सुरू होते ती थेट रोममध्ये. १९०२ साली इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्यारोहण समारंभ होता. त्यासाठी राजर्षी शाहू महाराज युरोपला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. सुमारे १८८ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद असं हे लंबगोल प्रेक्षागार इसवी सन ८० मध्ये पुरं झालं. त्याला ८० कमानी दरवाजे होते. त्यांतल्या बहुतेकांवर आकडे कोरलेले होते, आणि काही आकडे आजही वाचता येतात. आपला दरवाजा कोणता, हे प्रेक्षकाला आधीच कळायचं, त्यामुळे एवढी गर्दी असूनही चेंगराचेंगरी टळायची. आपल्या जत्रांमध्ये आजही ही युक्ती किती ठिकाणी वापरतात, ते तुम्हीच बघा.

महाराज स्वतः कुस्तीचे मोठे शौकीन. मल्लांना त्यांनी आश्रय दिला, गावोगावी तालमींना बळ दिलं. कलोसियम पाहून आल्यावर कोल्हापुरात कुस्तीसाठी असंच मैदान हवं, असं त्यांनी ठरवलं. १९०७ साली काम सुरू झालं आणि १९१२ साली मैदान तयार झालं. सुमारे तीस हजार माणसं बसून कुस्ती बघू शकतील, एवढं मोठं! मधोमध लाल मातीचा हौदा आणि त्याच्या सभोवती गोलाकार चढत गेलेली बैठक.

पण महाराजांनी कलोसियमची नुसती नक्कल केली नाही, बरं का. कलोसियम लंबगोल, तर खासबाग गोल. कुस्तीला हा गोलच शोभतो. क्रिकेटमध्ये खेळपट्टीच्या मागे बसलात तर एक मजा, बाजूला बसलात तर दुसरी. कुस्तीला मात्र पुढची बाजू, मागची बाजू असं काही नसतंच. दोन मल्ल सारखे फिरत असतात. आत्ता तुम्हाला एकाची पाठ दिसतेय, तर पुढच्या क्षणी दुसऱ्याचा चेहरा. शिवाय मातीतल्या कुस्तीत निकाल लागतो तो पाठ जमिनीला टेकली की नाही यावर, आणि हा सगळा खेळ दोन-चार बोटांच्या अंतराचा असतो. चारी बाजूंनी हजारो डोळे बघत असले, की 'पाठ लागलीच नव्हती' म्हणून वाद घालणं अवघड जातं. मला तर वाटतं, खासबागेतला प्रत्येक प्रेक्षक हा थोडाफार पंचच असतो.

आता एवढ्या लांबून दोन बोटांचं अंतर दिसतं कसं? इथेच आखणीचं खरं कौशल्य आहे. सपाट जमिनीवर पुढचा उठून उभा राहिला की मागच्याला उभं राहावं लागतं, मग त्याच्या मागच्याला, आणि शेवटी सगळेच उभे! चढत्या बैठकीत प्रत्येकाची नजर पुढच्याच्या डोक्यावरून गेली पाहिजे. हल्लीची स्टेडियम आखताना ही मोकळी जागा साधारण ९ ते १२ सेंटिमीटर धरतात. म्हणजे जेमतेम तुमच्या तळहाताच्या रुंदीएवढी.

याचा एक प्रयोग घरी करून बघा. कागदावर खाली डाव्या कोपऱ्यात एक ठिपका द्या, तो हौदा. उजवीकडे सारख्या अंतरावर पाच माणसं काढा. आता हौद्यापासून निघालेली रेष पहिल्याच्या डोक्याच्या थोडी वरून जाऊन दुसऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोचली पाहिजे. मग तशीच दुसऱ्यावरून तिसऱ्यापर्यंत. काढत गेलात की एक गंमत दिसेल. प्रत्येक माणसाला आधीच्यापेक्षा जास्त उचलावं लागतं! म्हणून चांगल्या प्रेक्षागारात पुढच्या रांगांचा चढ सौम्य आणि मागच्यांचा खडा असतो. एकसारखा जिना बांधला की मागच्यांना पुढच्यांच्या टोप्याच दिसतात. नवीन मैदानांवरही ही चूक मी पाहिली आहे. पैसे खर्च झाले, फीत कापली गेली, पण वर जाऊन बसून बघायचं कुणाला सुचलं नाही.

आता खाली हौद्याकडे येऊ. इंग्रजीत अशा जागेला अरिना म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतल्या वाळूच्या नावावरून आला आहे, कारण रोमच्या रिंगणात वाळू पसरलेली असायची. आपल्याकडे वाळूच्या जागी लाल माती. आणि ही काही रस्त्यावरून उचलून आणलेली माती नसते. ती चाळतात, खडे वेचतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर असं काय काय मिसळतात. मुख्य म्हणजे ती सारखी खणावी लागते. चार दिवस खणली नाही की माती दबते, घट्ट होते आणि पडणाऱ्याचा खांदा निखळू शकतो. म्हणूनच कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग अशा तालमींमध्ये नव्या पोराला डाव शिकण्याआधी फावडं धरायला लागतं. आखणी एकदाच होते, पण खणणं रोजचं असतं.

मातीचीही एक मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले, मातीत घडले. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा समोर माती नव्हती, मॅट होती! मातीत पाय रुततो, मॅटवर झटकन फिरतो. नियमही वेगळे. तरीही खाशाबांनी सहावा क्रमांक मिळवला, आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना लहानपणापासून मॅट मिळाली असती तर? याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, पण गावात कोणती सोय आहे त्यावर मुलाची झेप किती पडतं, हे मात्र खरं. आजच्या नियमाच्या कुस्तीला ९ मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं आणि भोवती सुरक्षेसाठी आणखी दीड-दीड मीटर. म्हणजे बारा मीटर लांबी-रुंदीची एक खोली. गावाला हे फार जड नाही.

खासबागेत आणखी एक उणीव आहे, पण तो त्या काळाचा दोष म्हणू या. १९१२ साली मुली कुस्ती खेळतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. २००४ पासून ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आहे, आणि २०१६ साली साक्षी मलिकने कांस्यपदकही आणलं. जुन्या तालमीत मात्र मुलींना कपडे बदलायला बंद खोली नसते. दार नसलेल्या तालमीत मुलगी सरावाला थांबणार कशी?

जुन्या वास्तूंना जपावं किती लागतं, याचा धडा खासबागेच्या शेजारीच मिळाला. मैदानाला लागून महाराजांनीच उभारलेलं नाट्यगृह आहे, १९१५ सालचं. संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव त्याला दिलेलं आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरकर रात्रभर रस्त्यावर उभे राहून रडत होते. पुढे पुनर्बांधणीचं काम हाती घेतलं गेलं, पण शंभर वर्षांची लाकडं काही परत येत नाहीत.

आता तुमची पाळी. उद्या शाळेचं मैदान जरा वेगळ्या नजरेने बघा. मोठा पाऊस पडून गेल्यावर पाणी किती वेळ साचून राहतं? मैदान मधे किंचित उंच असेल तर ते आपोआप निथळतं. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू हाताने उकरा. ती भुसभुशीत आहे की सिमेंटसारखी? खड्डा निदान पावणेतीन मीटर रुंद लागतो. खेळताना मावळतीचा सूर्य डोळ्यांवर येतो का? म्हणूनच मैदानाची लांबी शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवतात. फुटबॉलचे खांब जमिनीत पक्के रोवलेले आहेत ना, हे मात्र शिक्षकांना सोबत घेऊनच बघा. नुसते टेकवून ठेवलेले लोखंडी खांब अंगावर पडून जगात मुलांचे जीव गेले आहेत, तेव्हा त्यांना लोंबकळून परीक्षा घेऊ नका! पाण्याचा नळ आणि मुलींची खोली हेही पाहायला विसरू नका.

पट्टी, दोरी आणि वही एवढंच सामान पुरेल. मैदानाचा नकाशा काढा, जिथे पाणी साचतं तिथे निळा रंग द्या, जिथे खडे आहेत तिथे लाल. एक प्रत मुख्याध्यापकांना द्या आणि एक आम्हाला पाठवा. शेवटच्या रांगेतून काय दिसतं, ते कोपऱ्यात लिहायला मात्र विसरू नका.