फुप्फुसातले ठिपके

पडल्यावर बरगडी दुखतेय म्हणून बाबांचा सीटी स्कॅन काढला. अहवालात भलतंच: दोन्ही फुप्फुसांत अनेक बारीक गाठी. सगळ्या ४ मिलिमीटरच्या आतल्या, भरीव. डॉक्टर निवांत. आपल्याकडे जुन्या क्षयाचे असे वण पुष्कळ सापडतात, म्हणाले. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या स्कॅनमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या शिफारशींप्रमाणे ६ मिलिमीटरहून लहान भरीव गाठी असल्या आणि धोका कमी असला, तर पुन्हा स्कॅनसुद्धा लागत नाही. पण बाबांनी जन्मभर विड्या ओढल्यात. तेव्हा वर्षभराने एकदा बघायचं. आधी कर्करोग झालेला असता तर हिशेबच वेगळा. मी गाठी मोजत बसलोय, डॉक्टर त्यांचा आकार आणि वाढ बघतात. बाबांचा प्रश्न एकच: विडी सोडावी लागेल का? लागेल.