छोट्या गाडीचें वजन

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें खेळण्यांतल्या आगगाड्या पाहण्यासाठीं कर्जतहून पुण्यास जावें, हें आमच्या घरच्या मंडळींस अद्यापि नीटसें पटलेलें नाहीं. बरोबर एखादें मूल असलें म्हणजे सबब मिळते. या खेपेस भाच्याची परीक्षा आडवी आली, तेव्हां आम्ही एकटेच गेलों.

कोथरूडला भाऊ जोशी यांनीं आपल्या छंदापायीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालापासून आहे. समोर एक अख्खें गांव पसरलेलें. रूळ, सिग्नल, पूल, सर्कससुद्धां. गाडी बोगद्यांत शिरली कीं दुसऱ्या तोंडांतून बाहेर येईतों शेजारचीं मुलें श्वास रोखून धरतात. आम्हीही धरतों, चष्म्याआडून तें कोणास दिसत नाहीं, इतकेंच.

तेथून परततांना आमच्या डोक्यांत नेहमीं एकच खूळ असतें: आपला बोरघाट टेबलावर उतरवावा. १८६३ सालीं घाट सुरू झाला तेव्हां खंडाळ्याजवळ गाडीस दिशा उलटावी लागे. गाडी डोंगराच्या कडेला एका फांट्यावर थांबे, इंजिन दुसऱ्या टोकास लागे, आणि मघांचें शेपूट तोंड होऊन पुढची चढण सुरू होई. १९२९ सालीं नवा मार्ग झाला व तें ठाणें निकामी ठरलें. टेबलावर मात्र याहून सोयीची युक्ति नाहीं. जागा थोडी आणि चढ फार, ही त्या वेळच्या इंजिनियरांची अडचण. तीच आमच्या माडीची.

कागद-पेन्सिल घेऊन बसलों, आणि खरी पंचाईत कळली. या छंदांत सर्रास चालणारें माप म्हणजे सत्त्याऐंशीस एक. घाटाची चढण १,८३१ फूट, लांबी १५ मैलांहून थोडी अधिक. भागून पाहिलें तर आमचा डोंगर २१ फूट उंच व ९०० फुटांहून लांब होतो! रुळांचेंही तसेंच. बाजारांतल्या रुळांमधलें अंतर १६.५ मिलिमीटर, तें विलायती मार्गावरून बेतलेलें. आपला रुंद मार्ग त्याच मापानें १९ मिलिमीटरांवर जातो. यावर तडजोड करतां येते, आम्हीं केलीही आहे. पळसदरीस खालापूर तालुक्यांतल्या खोपोलीचा फांटा सुटतो, तेथें आमचें टेबल सुरू होतें. मधले बहुतेक बोगदे गाळून एकदम खंडाळा येतो.

वजनाशीं मात्र तडजोड होत नाहीं. लांबी सत्त्याऐंशी पटींनीं घटली कीं वजन घटतें तें त्या आंकड्याच्या घनानें, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनीं. १२० टनांचें इंजिन टेबलावर २०० ग्रॅमही भरत नाहीं. कर्जतला पुण्याकडच्या गाडीस मागून रेटणारीं इंजिनें लागतात तेव्हां पायांखालचा फलाट थरथरतो. ३७ फुटांस १ फूट या चढणीचा अर्थ त्या थरथरण्यांत समजतो. आमचें इंजिन बोटानें ढकललें तरी खंडाळ्यास पोहोंचतें.

माणसांचीं पाकिटें मिळतात, एकेक माणूस दोन सेंटिमीटरांचा: प्रवासी, गार्ड, हमाल. डोक्यावर मातीची पाटी घेतलेली बाई त्यांत आम्हांस अद्याप आढळलेली नाहीं. १८६१ च्या सुमारास या घाटांत चाळीस हजारांवर माणसें राबत होतीं, बायकामुलें धरून. पटकीनें आणि तापानें हजारों मेलीं. १८५९ सालीं कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथें येऊन थोड्याच दिवसांत वारला व त्याच्या पत्नीनें, ॲलिसनें, काम तडीस नेलें, हीं नांवें पुस्तकांत सांपडतात. पाटीवालीचें सांपडत नाहीं. तेव्हां हल्लीं सुटीच्या दिवशीं आम्ही तारेच्या सांगाड्यावर मेण चढवून तीं माणसें घडवीत असतों. एका पाटीवालीस दोन तास लागतात. आजवर अकरा झालीं आहेत. भाचा म्हणतो, सगळींच वाकलेलीं दिसतात.