काश्मिरी गेटचा बाजार

नवी दिल्ली रेल्वे स्थानकावर उतरून मेट्रोने उत्तरेकडे निघाले की तिसरे स्थानक काश्मिरी गेटचे. मेट्रोचे तीन मार्ग इथे एकत्र येतात आणि शेजारीच आंतरराज्य बस स्थानक आहे. त्यामुळे बहुतेक प्रवासी इथे उतरतात ते हरिद्वारची नाहीतर चंदीगडची बस पकडायला. ज्या दरवाजावरून या भागाला नाव मिळाले, तो बघायला थांबणारे थोडेच. जुन्या शहराच्या तटबंदीतला हा दोन कमानींचा दरवाजा १४ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी सुरुंगाने उडवला आणि ते शहरात घुसले. त्या दिवसाच्या खुणा दगडांवर आजही दिसतात.

दरवाजा मागे टाकून पुढे गेले की पिवळट रंगाचे, घुमट असलेले सेंट जेम्स चर्च लागते. कर्नल जेम्स स्किनरने ते स्वखर्चाने बांधले आणि १८३६ साली ते पूर्ण झाले. मराठी माणसाने इथे जरा थांबावे, कारण हा स्किनर आधी शिंद्यांच्या फौजेत होता. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले तेव्हा त्याला तिथून बाहेर पडावे लागले. त्याची कबरही याच चर्चमध्ये आहे.

असो. ज्या गिऱ्हाइकाची ही हकीकत, तो ग्वाल्हेरचा असूनही चर्चकडे न बघता पुढे गेला. त्याच्या खिशात एक यादी होती आणि डोक्यात एकच प्रश्न, माल अस्सल मिळेल ना?

काश्मिरी गेट ही मोटारींच्या सुट्या भागांची देशातली एक अतिशय मोठी बाजारपेठ. जुन्या इमारतींच्या तळमजल्यांवर, जिन्यांखाली आणि दोन माणसे एकमेकांना घासल्याशिवाय जाऊ शकत नाहीत अशा बोळांत दुकानेच दुकाने. कुणी फक्त काचा विकतो, कुणी फक्त दिवे, तर कुणाकडे नुसती बेअरिंगे. हातगाडीवरून बंपर चाललेले, हमालाच्या डोक्यावर सायलेन्सर, आणि सगळीकडे नव्या रबराचा व ग्रीसचा वास. गिऱ्हाईक दिसले की पहिला प्रश्न ठरलेला, “गाडी कौनसी? मॉडेल?”

“मारुती ८००. छियानवे का मॉडेल.”

दुकानदाराच्या चेहऱ्यावर एक ओळखीचे हसू येते. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली ही गाडी २०१४ मध्ये बनायची थांबली. कित्येक घरांतली ती पहिली मोटार. ग्वाल्हेरच्या या घरातही ती वडिलांनी घेतलेली. वडील आता नाहीत. धाकट्या भावाचे मत पडले की गाडी भंगारात द्यावी. आई म्हणाली, “मी आहे तोवर राहू दे.” तेव्हा ठरले की ठेवायची तर नीट ठेवायची. नोंदणीची पंधरा वर्षे संपल्यावर पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवून घेता येते, तशी ती घेतलेली होतीच. राहिला होता टायमिंग बेल्ट.

हा बेल्ट बाहेरून दिसत नाही, म्हणूनच तो विसरला जातो. इंजिनात खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा वरचा कॅमशाफ्ट बरोबर एक फेरा घेतो आणि ठरल्या क्षणी व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. या दोघांना एका तालात बांधून ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा. आतून त्याला काचधाग्याची बळकटी असते. अॅम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीत हे काम लोखंडी साखळी करी. मारुतीबरोबर ते रबराकडे आले. गाडी शांत चालू लागली, पण एक पथ्य मागे लागले. साखळी जुनी झाली की खडखडते. रबरी पट्टा बहुधा काही न बोलता तुटतो. तुटला की इंजिन जागच्या जागी बंद. कित्येक इंजिनांत तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो.

वडिलांची एक वही होती. पेट्रोल, हवा, ऑईल, सगळे तारीखवार. त्यात बेल्ट बदलल्याची शेवटची नोंद २००९ ची. त्यानंतर गाडी जेमतेम २२ हजार किलोमीटर चालली होती. भाऊ म्हणाला, मग घाई कसली? यावर मिस्त्रीने दिलेले उत्तर वाचकांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. “बाबूजी, रबर किलोमीटर नहीं गिनता, साल गिनता है.” उभ्या गाडीतही रबर कडक होते, त्याला चिरा पडतात. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटरबरोबर वर्षांची मुदतही दिलेली असते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते खरे.

मिस्त्रीने आणखीही सांगितले. इतके सगळे उघडायचे तर नुसता बेल्ट घालू नये. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याची स्प्रिंग बदलावी. कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्टची ऑईल सीलेही बदलावीत, कारण तिथून तेल झिरपले तर नवा पट्टाही लवकर फुगून खराब होतो. कित्येक गाड्यांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो. अशा गाडीत तोही त्याच वेळी बदललेला बरा, नाहीतर चार महिन्यांनी पंप गळू लागला की मजुरी पुन्हा पहिल्यापासून.

ग्वाल्हेरात एका दुकानातून बेल्ट आणला होता. मिस्त्रीने तो बोटांत धरून पाहिला, छपाई पुसट, दात असमान. त्याने तो बसवायला साफ नकार दिला. म्हणून ही दिल्लीची खेप. गंमत अशी की ज्या गाडीसाठी माल घ्यायचा, ती मात्र दिल्लीत आणण्याची सोय नाही. पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरात लागू ठेवली आणि जुन्या मारुती इथल्या रस्त्यांवरून भराभर नाहीशा झाल्या. त्यांचे भाग मात्र बाजारात आहेत. ते घ्यायला गिऱ्हाईक येते ते बाहेरगावाहून.

नकली मालाचे भय इथेही आहेच. या बाजारात छापे पडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पहिल्या दुकानात बेल्ट फारच स्वस्त निघाला. पुढच्या दुकानात ‘बिल के साथ या बिना बिल के?’ असे विचारले गेले, तिथूनही तो निघाला. तिसऱ्या दुकानातल्या वृद्ध दुकानदाराने यादी वाचली आणि आधी टेन्शनर काढून हातात दिला. “घुमाके देखिये, कान के पास.” बेअरिंग आवाज न करता फिरले. मग बंद वेष्टनातला बेल्ट आला, भाग क्रमांक जुळला, पक्के बिल झाले. पिशवी देताना त्याने बजावले की बेल्ट दुमडू नका, पिळू नका, आतले धागे तुटतात. ही पिशवी परतीच्या गाडीत ग्वाल्हेरपर्यंत मांडीवर राहिली.

बसवण्याचे काम दुसऱ्या दिवशी अंगणातच झाले. बॅटरीची तार काढली, अल्टरनेटरचा पट्टा सोडवला, पुली आणि झाकण निघाले. जुना बेल्ट उलटा वाकवताच दातांच्या बुडाशी बारीक चिरांची रांग दिसली. भाऊ काही बोलला नाही. दोन्ही पुलींच्या खुणा जुळवून नवा पट्टा चढवला, टेन्शनर कसला. पण मिस्त्रीने किल्ली मारू दिली नाही. पाना लावून हाताने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवला. खुणा पुन्हा जागेवर आल्या, तेव्हाच झाकण बसले. एक दात जरी चुकला असता तर गाडी रडतखडत चालली असती, आणि दोष कुठे, हे शोधण्यात आठवडा गेला असता.

गाडी सुरू झाल्यावर वही आणली गेली. वडिलांच्या नोंदीखाली तारीख आणि किलोमीटर लिहिले. आईने ओसरीवरून विचारले, “झाली का रे? मग शनिवारी डबऱ्याला मावशीकडे जाऊन येऊ.”