एक दिवसाचं रान

आमच्या हॉस्टेलमध्ये वर्गणी दोनच गोष्टींसाठी निघते. एक गणपती आणि दुसरी कुणाची तरी बर्थडे पार्टी. गेल्या ऑक्टोबरमध्ये मात्र ती तिसऱ्याच गोष्टीसाठी निघाली आणि खजिनदार मी होतो. म्हणून हा लेख! माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक सरांनी पदरात घ्याव्यात ही विनंती.

झालं असं, की मिड-सेमचा शेवटचा पेपर टाकून आम्ही पाच जण महाडला गेलो होतो. सावित्रीच्या पात्रात मगरी ऊन खात पडलेल्या असतात, त्या आमच्या लातूरकराला बघायच्या होत्या. मगरी बघून झाल्या आणि चहाच्या टपरीवर एका माणसाशी ओळख झाली. बोलता बोलता तो म्हणाला, "मगरी काय बघताय, शिकारीला चला!" मग त्याने सगळा हिशोबच मांडला. माणशी हजार रुपये. सकाळी जीप न्यायला येणार, दुपारचं जेवण त्याचं, हाक्याला गावची माणसं, दोन बंदुका. "दिवसभर रान तुमचं. डुक्कर पडलं तर वाटा मिळेल, नाही पडलं तर तुमचं नशीब."

आम्ही विचारलं, "पण हे चालतं का?" तर म्हणाला, "मालकी रान आहे, फॉरेस्टचं नाय. टेन्शन घेऊ नका."

रोज रात्री मोबाईलवर गोळ्या झाडणारे आम्ही! आम्हाला एवढं उत्तर पुरलं. माणशी चारशे गोळा करून दोन हजार रुपये आगाऊ देऊन टाकले. पावती वगैरे अर्थातच नाही.

त्या रात्री मी माझ्या आतेभावाला फोन केला. तो टेक्सासमध्ये असतो. मला वाटलं, तो हसेल. पण तो म्हणाला, "अरे, इथे तर हा राजरोस धंदा आहे. मी स्वतः एकदा गेलोय." तिथे बहुतेक सगळी जमीन खाजगी आहे. शेतकरी आपलं रान एक दिवसासाठी किंवा अख्ख्या सीझनसाठी शिकाऱ्यांना भाड्याने देतात. स्पॅनिश लोकांनी नेलेली पाळीव डुकरं आणि नंतर शिकारीसाठी आणलेली युरोपातली रानडुकरं यांची मिसळ होऊन तिथे त्यांचा सुळसुळाट झालाय. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर डुकराच्या शिकारीला 2019 पासून तिथे लायसन्ससुद्धा लागत नाही. माझ्या भावाने पैसे भरले, काही झालं तर आपण जबाबदार अशा कागदावर सही केली, भडक नारिंगी जाकीट घातलं आणि लाकडी खोपटात आठ तास बसून राहिला. दिसलं काय? दोन खारी!

"पैसे परत मिळाले?" मी विचारलं.

"छे! पैसे जागेचे असतात रे, जनावराचे नाही."

हे वाक्य मला तेव्हा फक्त विनोदी वाटलं होतं.

माझं आजोळ पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या दिशेने. आमच्या जीपवाल्याचं रान त्याच बाजूला होतं. म्हणून मी, लातूरकर आणि रूममेट असे तिघे शनिवारी एस.टी. पकडून मामाकडे गेलो. मनात हेतू असा की मामाला सगळी माहिती असणार, त्याच्याकडून शिकारीच्या टिप्स घ्याव्यात आणि जमलं तर रात्रीचा मुक्कामही करावा.

मामाने पहिल्यांदा गूळ-पाणी दिलं. मग आम्ही विषय काढला. आधी तो रंगात आला. आजोबांकडे पीक-संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, झाली की परत आणायची. मामा लहान असताना हाक्याला जायचा. हाका म्हणजे काय, ते त्याने आम्हाला अंगणात दगड मांडून दाखवलं. बंदूकवाले वाऱ्याच्या उलट बाजूला वाटा धरून गप्प बसायचे. बाकीच्यांनी डबे वाजवत, आरोळ्या देत खालून रान उठवत यायचं. जनावर पुढे पळतं ते बंदुकीच्या समोर येतं. "बंदूकवाल्याने जागा सोडायची नाय, आन् हाकेवाल्याने तोंड बंद ठेवायचं नाय. हे दोन नियम मोडले की माणूस मरतो," मामा म्हणाला. "गावातल्या माणसांना एकमेकांची चाल ठाऊक असायची. तरी भीती वाटायची. आता तुमच्यासारखी पोरं चप्पल घालून येणार आन् झुडूप हाललं की बार काढणार!"

मामा अतिशयोक्ती करत नव्हता. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडल्याची बातमी मी स्वतः वाचली होती. वाचून पान उलटलं होतं, इतकंच.

रूममेटने विचारलं, "मामा, तुम्ही आता का जात नाही?"

मामा उठला आणि आम्हाला गोठ्यात घेऊन गेला. तिथे तीन खुंट्यांना तीन जनावरं होती. चौथा खुंटा रिकामा. मला आठवलं, तिथे तांबू असायची. मी लहानपणी तिच्या शिंगांना रंग लावला होता.

दोन वर्षांपूर्वी शहरातून असेच पैसे देऊन काही लोक आले होते. सोबतच्या माणसांनी डुकरासाठी रानात गावठी बॉम्ब पेरले. हा बॉम्ब म्हणजे स्फोटक भरलेला लहानसा गोळा, वरून जनावराला आवडेल असं खाणं लावलेलं. डुकराने चावला की तोंडातच फुटतो. त्या दिवशी डुक्कर काही मिळालं नाही. पाहुणे संध्याकाळी जीपमध्ये बसून निघून गेले. पेरलेले गोळे कुणी मोजून उचलले नाहीत. चार दिवसांनी तांबू चरायला गेली.

"खालचा जबडा राहिलाच नव्हता," मामा एवढंच बोलला. "तीन दिवस उभी होती. पाण्याकडे बघायची, पण पिणार कशाने?"

कोणी गोळा ठेवला ते कधी कळलं नाही. आम्ही तिघे त्या खुंट्याकडे बघत राहिलो. माझ्या खिशात मोबाईल होता आणि त्यात जीपवाल्याचा 'संडे फिक्स' असा मेसेज होता.

मग मामा म्हणाला, "तुम्हाला डुकरंच बघायची ना? चला, आज राखणीला चला. फुकट दाखवतो!"

रात्री जेवून आम्ही शेतावरच्या खोपीत गेलो. खाली भात पिवळं पडलेलं, वरच्या उतारावर नाचणी. खोपीत एक गोधडी, एक बॅटरी, पत्र्याचा रिकामा डबा आणि लवंगी फटाक्यांचं पाकीट. मामा आणि शेजारचे एक आजोबा पीक कापणीला येईपर्यंत आळीपाळीने इथे रात्र काढतात. आमच्या मेसमध्ये भात ताटात टाकून उठणारे आम्ही, त्या भाताला राखण लागते हे मला विसाव्या वर्षी कळलं.

बारा वाजले, एक वाजला. थंडी, डास आणि रेंज शून्य. लातूरकर म्हणाला, "ह्यापेक्षा फ्लुइड मेकॅनिक्सचं लेक्चर बरं!" दोनच्या सुमारास मामाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. खालच्या बांधाकडून चुरचुर आवाज येत होता, जणू कोणी केरसुणीने अंगण झाडतंय. मग घुरघुर. मामाने बॅटरी मारली. पुढे एक मोठी मादी, मागे दोन लहान-मोठी डुकरं आणि त्यांच्या पायात पाच-सहा पिल्लं, अंगावर खारीसारखे पट्टे असलेली! रानडुकराच्या पिल्लांना पट्टे असतात हे मला माहीतच नव्हतं. क्षणभर सगळी थांबली. मी श्वास रोखून धरला. मग मामाने डबा बडवला, आजोबांनी फटाका फोडला, आणि भात तुडवत सगळी डुकरं ओढ्यात उतरली.

सकाळी बघितलं तर आमच्या मेसच्या दोन टेबलांएवढी जागा भुईसपाट झाली होती. मामाने फोटो काढले. नुकसानभरपाईसाठी अर्ज, सातबारा, पंचनामा असं सगळं लागतं. लातूरकराचे वडीलही शेतकरी आहेत. तो मामाला म्हणाला, "मामा, खरं सांगा, गोळी घालावीशी वाटत नाही का?" मामा म्हणाला, "वाटते ना! दर सालाला वाटते. पण माझा राग माझ्या भातासाठी आहे. पैसे भरून मजा बघायला येणाऱ्याला कसला राग आलाय?"

हॉस्टेलवर परत आल्यावर मी पहिल्यांदाच अभ्यासक्रमाबाहेरचा एक कायदा वाचला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972. वाचून घाम फुटला. 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही, तर जनावर हाकणं, त्याला आमिष लावणं आणि तसा प्रयत्न करणं हेही येतं. म्हणजे डुक्कर पडो न पडो, हाक्याला उभं राहिलो की गुन्हा झालाच! रान मालकीचं आहे की सरकारी, याने फरक पडत नाही. रानडुक्कर 2022 च्या दुरुस्तीनंतर अनुसूची दोनमध्ये आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायला वनखात्याची परवानगी मिळू शकते, पण तशा परवानगीने मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता ठरतं. त्यामुळे 'वाटा' हा शब्द कायद्यात कुठेच बसत नाही.

पूर्वी हे असं नव्हतं. 1950-60 च्या दशकात नागपूरची अल्विन कूपर नावाची कंपनी परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन मध्य भारतातल्या जंगलात वाघाच्या शिकारीला नेत असे, आणि ते कायदेशीर होतं. जंगलाचे ब्लॉक ठराविक दिवसांसाठी मिळायचे. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 मध्ये हा कायदा झाला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून हौसेची शिकार करण्याचा मार्गच बंद झाला. जीपवाला आम्हाला विकत होता ती वस्तू आपल्या देशात आता कुणाच्याच दुकानात नाही.

आतेभावाचं वाक्य मला तेव्हा कळलं. टेक्सासमध्ये निदान जागा तरी त्या शेतकऱ्याची असते आणि भाडं त्याच्या खिशात जातं. इथे आम्ही ज्या रानाचे पैसे दिले, तिथे राखण मामा करतो, नुकसान मामाचं होतं, गाय मामाची जाते आणि पैसे टपरीवरचा माणूस घेतो.

रविवारी मी जीपवाल्याला फोन करून "येत नाही" म्हणून सांगितलं. आगाऊ रकमेचं विचारलं तर तो म्हणाला, "कसली रक्कम?" पुढे फोनच उचलला नाही. आमच्यापैकी दोघांना माझं म्हणणं पटलं नव्हतं. "तुझ्या मामाच्या गायीसाठी आमचा प्लॅन का कॅन्सल?" असं एकाने तोंडावर विचारलं. उत्तर द्यायला जीभ वळली नाही. तोही चुकीचं विचारत नव्हता, त्याने तो खुंटा बघितलाच नव्हता. खजिनदार या नात्याने मी चौघांचे सोळाशे रुपये भरून दिले. त्यासाठी दोन महिने कॅन्टीनचा वडापाव बंद होता. लातूरकराने त्याचे चारशे नंतर गुपचूप माझ्या जर्नलमध्ये ठेवले.

मित्रांनो, हे सगळं आज लिहिण्याचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात सेकंड इयरचे दोघे जण माझ्या रूमवर आले होते. "दादा, तुमच्याकडे त्या शिकारवाल्याचा नंबर आहे म्हणे?" मी नंबर दिला नाही, मामाचा पत्ता दिला. ऑक्टोबरात भात पिकायला लागलं की राखणीला माणसं कमी पडतात. गावातली तरुण पोरं बहुतेक मुंबईला. मामाने परवाच फोनवर विचारलं, "काय रे भाच्या, औंदा किती पोरं येतात?"

मी पाच सांगितलीत. येताना स्वेटर, बॅटरी आणि लवंगी फटाके आणावेत. डुकरं दिसतीलच याची खात्री नाही. आगाऊ रक्कम काही नाही.